आधी कागद दाखवा

आईचा कोथरूडचा फ्लॅट विकायचं ठरलं तेव्हा भावाचं म्हणणं होतं, पेपरात छोटी जाहिरात देऊ आणि खाली 'एजंट क्षमस्व' छापू. कमिशन वाचेल. मला ते पटेना. भाऊ नागपूरला, मी नाशिकला, बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे. दर रविवारी कुलूप उघडून घर कोण दाखवणार? आलेला माणूस खरंच घेणारा आहे की नुसता भाव काढायला आलाय, हे नाशिकला बसून कसं कळणार? एजंट हवाच होता. मग आई आणि मी फ्लॅटवर मुक्कामाला गेलो आणि एकेकाला बोलावून घेतलं.

पहिले गृहस्थ मोठ्या ऑफिसातले. बसल्या बसल्या त्यांनी 85 लाख सांगितले. वनाजची मेट्रो जवळ, इमारत जुनी म्हणजे आज ना उद्या रिडेव्हलपमेंट होणारच. अट एकच, वर्षभर फ्लॅट दुसऱ्या कुणाकडे द्यायचा नाही, तसं लिहून द्या. आकडा ऐकून भाऊ फोनवर खूश झाला. मला तो खटकला, कारण तो कशावरून काढला हे त्यांना सांगता येत नव्हतं. दुसरा तरुण आणि चटपटीत होता, पण थोडी रक्कम रोख घ्यायची तयारी असेल तर गिऱ्हाईक उद्याच आणतो म्हणाला. आईनं त्याला चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं.

तिसऱ्या एक बाई आल्या. मागच्या गल्लीतल्या गाळ्यात त्यांचं ऑफिस. खोल्या बघायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काकू, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?"

आईनं शेअर सर्टिफिकेट पुढे केलं. दर्शनी बाजूला बाबांचं नाव. बाईंनी ते उलटं केलं. मागे हस्तांतरणाच्या नोंदींचा तक्ता असतो, त्यातल्या पहिल्या ओळीत आईचं नाव, तारीख, चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या आणि सोसायटीचा शिक्का. ती ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. "हे नॉमिनी म्हणून लागलंय ना? काकांचं मृत्युपत्र होतं?" नव्हतं. "काका गेले तेव्हा त्यांच्या आई हयात होत्या?" आजी आधीच गेली होती. "मग वारस तिघं. काकू, तुम्ही आणि भाऊ, प्रत्येकी तिसरा हिस्सा. सोसायटीच्या लेखी काकू सभासद आहेत, पण मालकी तिघांची. घेणाऱ्याची बँक हे पहिल्या दिवशी विचारेल." एक तर आम्ही भावंडांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवायचं, नाहीतर खरेदीखतावर तिघांनी सह्या करायच्या. दोन्ही मार्ग सांगून त्या म्हणाल्या, वकिलाला विचारा आणि ठरवा, मी त्यात पडत नाही.

मेट्रो आणि मोक्याची जागा सगळ्यांनाच दिसते. सौदा अडतो तो कागदाच्या मागच्या बाजूला, आणि तिथं बघायची सवय असलेला माणूस आम्हाला हवा होता.

भाव त्यांनी शेवटी काढला, तोही तोंडी नाही. नोंदणी झालेल्या व्यवहाराची सूची क्रमांक 2, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. त्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे वेगवेगळे रकाने असतात. आमच्याच गल्लीतल्या जुन्या फ्लॅटांचे अलीकडचे उतारे त्यांनी लॅपटॉपवर एकेक करून दाखवले, मजला आणि क्षेत्रफळ बघून हिशेब मांडला आणि म्हणाल्या, "70 ते 72. रोखीचे व्यवहार कागदावर दिसत नाहीत, हेही धरून सांगते." रिडेव्हलपमेंटचं मी विचारलं. त्यांनी सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं मागवली. तसा ठराव कुठेच नव्हता. "मग मी गिऱ्हाइकाला तसं सांगणार नाही," एवढंच त्या बोलल्या.

त्यांच्याकडे महारेराची नोंदणी होती. 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, ती त्यांनी दिली होती. जुन्या सोसायटीतला रिसेल त्या कायद्याखाली येत नाही, त्यामुळे या व्यवहारात त्या नोंदणीवर विसंबू नका, हे त्यांनी आपणहून सांगितलं. कमिशन आमच्याकडून एक टक्का, घेणाऱ्याकडून एक, दोन्ही पक्षांना माहीत असलेलं आणि नोंदणीच्या दिवशी द्यायचं. हे सगळं एका कागदावर आलं. भाऊ अजून 85 वरच अडला होता. त्याला मी ते उतारे पाठवले, रात्री त्याचा फोन आला, "बाईंनाच दे."

गिऱ्हाईक मिळालं 71 ला, शाळेत शिकवणारं जोडपं. विसार पावती झाली. फ्लॅट एकट्या बायकोच्या नावे घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे बाईंनीच त्यांना सांगितलं. किंमत 50 लाखांच्या वर, म्हणून एक टक्का टीडीएस, तोही आम्हा तिघांच्या पॅनवर वेगवेगळा. सोसायटीनं हस्तांतरणासाठी जास्त रक्कम मागितली तेव्हा बाईंनी 2001 चं सरकारी परिपत्रक काढून दाखवलं. महापालिका हद्दीत हस्तांतरणाच्या अधिमूल्याची कमाल मर्यादा 25,000. तेवढेच भरले गेले. भांडावं लागलं नाही.

हक्कसोडपत्र करायचं नाही, हे आईनंच ठरवलं होतं. "ह्यांनी घेतलेलं घर आहे, तिघांनी मिळून देऊ." भाऊ नागपूरहून आला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आईच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. भांडी घासून, निवडणं-टिपणं करून रेषाच पुसट झालेल्या. बाईंनी पर्समधला रुमाल ओला करून तिचा अंगठा पुसला, कोरडा केला, वरून हलकेच दाबून धरला. मग ठसा उमटला.

आता तळमजल्यावरच्या मावशींनाही फ्लॅट काढायचाय. आईनं त्यांना बाईंचा नंबर दिला आणि फोनवरच बजावलं, "शेअर सर्टिफिकेट शोधून ठेवा हो, आल्या आल्या तेच मागतील."