वाल्किरी की पर्यटक?

सुमारे १९८० मध्ये मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी संगणकावरील एक खेळ रचला आणि त्याला ‘रोग’ हे नाव दिले. मराठी कानाला ते अशुभ वाटेल. इंग्रजीत त्याचा अर्थ भामटा. त्यात चित्रे नव्हती. भुयाराच्या भिंती, राक्षस, धन, सारे अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवलेले. खेळाडू म्हणजे ई-मेलच्या पत्त्यातले ‘ॲट’चे चिन्ह. भुयार प्रत्येक डावात नव्याने घडते आणि मरण आले की डाव कायमचा संपतो. मागे जाऊन चूक दुरुस्त करण्याची सोय नाही. या घराण्यातला सर्वांत चिवट वारस १९८७ चा ‘नेटहॅक’. त्याच्या खेळाडूंमध्ये एक वाद पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे: या खेळात वाजवीपेक्षा बलाढ्य कोण?

नेटहॅकमध्ये तेरा भूमिका आहेत. बहुमत विचारले तर उत्तर एकच येते, वाल्किरी. जन्मतःच तिला थंडीची बाधा नाही, पावलांचा आवाज नाही, हातात लांब तलवार आणि चांगली ढाल. पाचवी पातळी गाठून तिने ती तलवार कारंज्यात बुडवली, तर जुन्या आवृत्त्यांत दर खेपेस सहापैकी एक शक्यता अशी की तलवारीची ‘एक्सकॅलिबर’ होईल. अट एवढीच की तिचा पंथ नियमनिष्ठांचा असावा. इतरांच्या तलवारीला त्याच कारंज्यात शाप लागतो. सामुराईचे समर्थक त्याचा वेग आणि धनुष्य पुढे करतात. जादूगाराचे चाहते म्हणतात की आरंभी तो दुबळा असला तरी शेवटी त्याच्यापुढे कोणी टिकत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण वारशाने आलेले भांडवल मोजायचे तर वाल्किरीच पहिली.

यादीच्या तळाशी पर्यटक असतो. अंगात फुलाफुलांचा सदरा, गळ्यात कॅमेरा, हाती फेकायचे छोटे बाण. तो पंधराव्या पातळीपर्यंत पोहोचेतो दुकानदार त्याला प्रत्येक वस्तू एक तृतीयांश अधिक दराने विकतो. त्याच्याजवळ क्रेडिट कार्ड असते, पण दुकानात ते चालत नाही. त्याचा उपयोग कुलपे उघडण्यासाठी! (बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा विनोद थोडा झोंबतो.) मात्र त्याच्या कमरेला सोन्याची नाणी असतात, किती ते नशिबावर, पण हजारापर्यंत.

या नाण्यांवरच जाणत्यांनी एक युक्ती बसवली. खाणींच्या वाटेवरच्या गावात बहुधा एक मंदिर असते. तेथील पुजाऱ्याला आपल्या पातळीच्या चारशेपट नाणी दिली, की तो अंगावर संरक्षण चढवतो. म्हणजे पहिल्या पातळीवर ४०० नाण्यांना जे मिळते, त्यासाठी दहाव्या पातळीवर ४,००० मोजावी लागतात. विम्याचा हप्ता तरुणपणीच का बांधावा, हे व्यापारी घरात वेगळे सांगायला नको. म्हणून शहाणा पर्यटक मुद्दाम पहिल्याच पातळीवर राहतो. स्वतः कोणाला मारत नाही, कारण मारले की अनुभव वाढतो आणि अनुभवाबरोबर हप्ताही. लढाई तो सोबतच्या कुत्र्यावर किंवा मांजरावर सोपवतो. वाट सोपी नाही. खाणीतले बुटके कुऱ्हाडी घेऊन येतात आणि दुबळ्या पर्यटकाला त्यांचे दोन घावही पुरे होतात. कित्येक पर्यटक नाण्यांसह वाटेतच संपतात. जो पोहोचतो, त्याच्या अंगावर वाल्किरीला हेवा वाटावा असे कवच चढते.

भूमिकेपेक्षा युक्तीच वरचढ ठरल्याची याहून मोठी उदाहरणेही आहेत. काळा पुडिंग नावाचा राक्षस लोखंडी शस्त्राने मारला की त्याचे दोन होतात. त्या दोघांचे चार. मरताना त्यांपैकी काही वस्तू टाकून जात. म्हणून काही जण तासन् तास एका जागी उभे राहून त्यांची शेतीच करत. २०१५ च्या ३.६.० आवृत्तीत निर्मात्यांनी ही वाट बंद केली: फुटून निघालेल्या तुकड्यांकडून काही मिळेनासे झाले. धुळीत ‘एल्बेरेथ’ हा शब्द लिहून त्यावर उभे राहायचे आणि घाबरलेल्या शत्रूला खुशाल मारायचे, ही रीतही त्याच आवृत्तीने मोडली. आता त्या जागेवरून वार केला की अक्षरे पुसली जातात. अनेकांना हा अन्याय वाटला. खरे तर पुडिंगच्या शेतीत खेळ उरलाच नव्हता, उरली होती ती निव्वळ मजुरी.

मग वाल्किरी मरते कशी? बहुधा भुयाराच्या वरच्याच मजल्यांवर. निळ्या रंगाचे एक तरंगते नेत्र तिला वाटेत दिसते. ते हल्ला करत नाही, पाठलाग करत नाही, केवळ पाहते. हाती नवी एक्सकॅलिबर आलेली वाल्किरी सवयीने वार करते आणि त्या नजरेने जागच्या जागी गोठते, कधी शंभराहून अधिक खेळ्यांसाठी. पर्यटक तेच नेत्र दुरून बाण फेकून मारतो. जवळ जाऊन लढण्याचे धाडस त्याच्यात नसतेच. इकडे गोठलेल्या वाल्किरीजवळ एक पाणसरडा सरपटत येतो. साऱ्या भुयारात त्याच्याहून क्षुद्र जीव क्वचितच असेल. तो एकेक चावा घेत राहतो आणि खेळाडू पडद्यावर प्राणांचे आकडे घसरताना पाहत बसतो. एकही कळ उपयोगी पडत नाही. शेवटी अक्षरांनी रेखलेला थडग्याचा दगड उमटतो. त्यावर खेळाडूचे नाव, जवळ उरलेले सोने, मारणाऱ्याचे नाव आणि खाली साल.