वाळूच्या चादरी आणि पावसाची तळी

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. एक जागा आहे. नजर पोचेल तिथवर पांढरीशुभ्र वाळू. टेकडीमागे टेकडी, तिच्यामागे आणखी टेकडी. झाडाची सावली नावालासुद्धा नाही. तरी तिला वाळवंट म्हणता येत नाही, कारण तिथं पुण्यात पडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो! टेकड्यांच्या मधे मधे निळी-हिरवी तळी आहेत. तळ्यांत मासे आहेत. पण आपली दिवाळी येईपर्यंत त्यातली बहुतेक तळी गायब होतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरतात. माशांसकट! कुठली बरं ही जागा?

नाही ओळखलंत? मग एक खूण सांगते. २०१० साली आलेला रजनीकांत आणि ऐश्वर्या राय यांचा 'रोबोट' पाहिला आहेत ना? त्यातल्या एका गाण्यात ही दोघं वाळूच्या टेकड्यांवर आणि निळ्या तळ्यांच्या काठी नाचताना दिसतात. ते दृश्य स्टुडिओत रंगवलेलं नव्हतं. ती जागा खरीच आहे. दक्षिण अमेरिकेत, ब्राझील देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर. तिचं नाव लेन्सोइस मारान्येन्सेस राष्ट्रीय उद्यान.

नाव जड वाटतंय? अर्थ अगदी घरगुती आहे. पोर्तुगीज भाषेत 'लेन्सोइस' म्हणजे अंथरायच्या चादरी. मारान्यांव हे तिथल्या राज्याचं नाव. म्हणून 'मारान्यांवच्या चादरी'. विमानातून पाहिलं की धुतलेल्या पांढऱ्या चादरी वाऱ्यावर फडफडत वाळत घातल्यासारख्या वाटतात.

आता नकाशाची वही काढा आणि बोट धरून माझ्याबरोबर चला. मुंबईहून विमानं बदलत बदलत आपण साओ लुईस या शहरात पोचायचं. ही मारान्यांव राज्याची राजधानी. विषुववृत्त इथून फारच जवळ, अडीच-तीन अंशांवर. शहराच्या जुन्या भागातल्या घरांच्या भिंतींवर रंगीत नक्षीच्या फरश्या बसवलेल्या दिसतात. गोव्यातली जुनी घरं पाहिली असतील तर लगेच ओळख पटेल, कारण दोन्हीकडे पोर्तुगीजांचंच राज्य होतं. आपण 'चावी', 'पाव', 'बटाटा' म्हणतो ते शब्दही पोर्तुगीजांबरोबरच आपल्याकडे आले.

साओ लुईसहून सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे मोटारीनं चारेक तासांवर, बारेरिन्यास नावाचं गाव लागतं. प्रेगिसास नदीच्या काठावरचं. इथून पुढं साधी गाडी चालत नाही. चारही चाकांना जोर देणाऱ्या उघड्या गाडीत बसायचं आणि झुडपांमधल्या रेताड वाटेनं हिंदकळत जायचं. टेकड्यांच्या पायथ्याशी मात्र तीही गाडी थांबते. चपला काढा, टोपी घाला, पाण्याची बाटली खांद्याला लावा. आता पायी!

चढताना पाय घोट्यापर्यंत रुततात. दोन पावलं पुढं, एक मागं. माथ्यावर पोचलात की मात्र सगळा शीण विसराल. खाली चंद्रकोरीच्या आकाराचं तळं, त्याच्यापुढं आणखी एक, त्याच्याही पुढं आणखी. शेकडो! कुठं आकाशासारखं निळं, कुठं पाचूसारखं हिरवं. तळाची वाळू लख्ख दिसते. पाणी गोडं, पावसाचं. इथं पोहायला परवानगी आहे, त्यामुळं उतारावरून धावत जाऊन थेट पाण्यात!

हे उद्यान केवढं आहे म्हणता? सुमारे १५५० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा होते, तिच्या अडीच पट. त्यातली निम्म्याहून जास्त जागा या वाळूच्या टेकड्यांनीच व्यापली आहे.

पण ही एवढी वाळू आली कुठून? इथं तीन कामकरी आहेत. पहिली नदी. प्रेगिसास आणि पूर्वेकडची मोठी पार्नाइबा या नद्या आतल्या प्रदेशातून वाळू वाहून आणतात आणि समुद्रात टाकतात. दुसरा समुद्र. त्याचे प्रवाह ती वाळू किनाऱ्याकिनाऱ्यानं पश्चिमेकडे नेतात आणि लाटा ती परत पुळणीवर आणून टाकतात. तिसरा वारा. पाऊस थांबला की वारा जोर धरतो आणि कोरडी वाळू उचलून आत जमिनीकडे नेतो. हे काम हजारो वर्षं चालू आहे.

वारा वाळूची टेकडी कशी रचतो तेही बघा. वारा येतो त्या बाजूचा उतार लांब आणि सोपा. कण त्यावरून सरपटत, उड्या मारत माथ्यावर जातात आणि पलीकडं घरंगळतात. पलीकडचा उतार म्हणून एकदम उभा. इकडून उचल, तिकडं टाक. असं करत करत अख्खी टेकडी पुढं सरकते, वर्षाला कित्येक मीटर! आज तुम्ही ज्या टेकडीवर उभे आहात, ती तुम्ही मोठे होऊन परत याल तेव्हा तिथं नसेल.

आता तळ्यांचं कोडं. जानेवारी ते जून हा तिथला पावसाळा. वर्षाला साधारण १२०० ते १६०० मिलिमीटर पाऊस पडतो. वाळवंट म्हणायचं तर तो २५० च्या आत हवा. पण वाळूत पडलेलं पाणी जिरून जायला नको का? जिरतंच. तरी तळी होतात. कशी ते घरीच करून पाहा.

एक पसरट घमेलं घ्या. त्यात वाळू भरा. मधोमध हातानं खळगा करा, आणि कडेच्या वाळूवर सावकाश पाणी ओतत राहा. खळग्यात एक थेंबही ओतायचा नाही! थोड्या वेळानं खळग्याच्या तळाशी ओल दिसेल, मग पाणी साठू लागेल. झालं काय? वाळूच्या कणांमधली जागा खालपासून पाण्यानं भरत वर आली आणि खळग्यात ते पाणी उघडं पडलं. श्रावणात आपल्या विहिरीचं पाणी वर येतं ना, हाताला लागेल इतकं? तेच. लेन्सोइसमधली तळी म्हणजे वाळूच्या पोटातल्या पाण्याला पडलेल्या खिडक्याच. पाऊस संपला की ऊन पाणी पितं, खालची पातळी उतरते आणि खिडक्या एकेक करून बंद होतात. काही मोठी तळी तेवढी टिकून राहतात.

म्हणून इथं जायचे चांगले महिने जुलै ते सप्टेंबर. तेव्हा तळी भरलेली आणि आकाश मोकळं. नेमके तुमच्या चाचणी परीक्षांचे दिवस! दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर बरीचशी कोरडी वाळूच पाहाल. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी तर तळी नीट भरतच नाहीत. लाखो वर्षं तशीच उभी असलेली सह्याद्रीसारखी ही जागा नाही. तिला दरवर्षी नव्यानं तयार व्हावं लागतं, आणि ते सर्वस्वी पावसाच्या हातात आहे.

आणि मासे? आपल्या कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांतून थेट भातखाचरात येतात, ठाऊक आहे ना? इथंही वाळूतून वाट काढणारे ओढे आहेत. पावसात तळी भरून एकमेकांना मिळतात आणि मासे या वाटांनी पसरतात. काही मासे त्याहून चिवट. ते ओल्या चिखलात दडून कोरडे दिवस काढतात. मारान्यांवच्या किनाऱ्यावर एक छोटं कासवही आहे. तळं आटलं की ते वाळूत स्वतःला पुरून घेतं आणि झोपून राहतं. पाऊस वाजला की जागं! याशिवाय किनाऱ्याच्या खारफुटीत शेंदरी-लाल रंगाचे शराटी पक्षी दिसतात, आणि पाण्याच्या कडेनं पाणमांजरं.

आता खरी आश्चर्याची गोष्ट. या वाळूच्या मधोमध माणसंसुद्धा राहतात! केमादा दोस ब्रितोस आणि बाइशा ग्रांदे ही दोन हिरवी ठिकाणं, वाळूच्या समुद्रातली बेटंच जणू. काही मोजकी कुटुंबं तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. झावळ्यांनी शाकारलेली घरं, कोंबड्या, शेळ्या, गुरं. कोरड्या दिवसांत ती कसावाचे कंद, घेवड्यासारखी कडधान्यं आणि काजू पिकवतात. पावसाळ्यात समुद्राकाठी जाऊन झोपड्या घालतात, मासे धरतात, खारवून वाळवतात आणि विकतात. सरकणारी टेकडी घराच्या अंगावर आली तर? भांडत बसत नाहीत. घर उचलून दुसरीकडं बांधतात. जागाच हलती, मग माणसानंही थोडं हलायचं!

कसावा म्हणजे काय, असं विचारू नका. तुम्ही तो खाल्ला आहे. एकादशीच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाता ना, तो आपल्याकडचा साबुदाणा याच कंदापासून करतात. आणि काजू? काजूचं माहेर ईशान्य ब्राझीलच. तिथल्या तुपी लोकांच्या 'अकाजू' या शब्दावरून पोर्तुगीजांनी 'काजू' केलं, सोळाव्या शतकात झाड गोव्यात आणलं आणि ते आपल्या कोकणात असं रुजलं की जणू इथलंच. या उद्यानाच्या कडेनं फिरताना काजूची बोंडं दिसली तर परदेशात आल्यासारखं वाटणारच नाही.

आता या कुटुंबांपुढचा प्रश्न ऐका. १९८१ साली सरकारनं हा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केला. वाळू, तळी, प्राणी यांना संरक्षण मिळालं, हे चांगलंच झालं. पण ब्राझीलच्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानाची जमीन सरकारची असते आणि तिथं वस्ती असू नये असा नियम आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना भरपाई देऊन दुसरीकडं वसवावं, असं २००० सालचा कायदा सांगतो. मग ज्यांचे आजे-पणजे याच वाळूत वाढले, त्यांनी कुठं जायचं? आणि उद्या प्रत्येकजणच घर, दुकान, हॉटेल बांधू लागला तर तळ्यांचं काय व्हायचं? दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या आदिवासी पाड्यांपुढंही असाच प्रश्न उभा राहिलेला आहे. मला विचाराल तर नियम करणाऱ्यांनी आधी या लोकांजवळ बसावं. कुठली टेकडी कधी सरकते, कुठलं तळं आधी आटतं, हे त्यांच्याइतकं कोण जाणतं? तुमचं मत काय? रात्री जेवताना आई-बाबांना विचारा. एकमत होतं का पाहा!

जुलै २०२४ मध्ये 'युनेस्को'च्या जागतिक वारसा समितीची बैठक भरली होती. कुठं, सांगा? आपल्या दिल्लीत! त्याच बैठकीत लेन्सोइसचं नाव जागतिक वारसा यादीत घातलं गेलं. वारसा म्हणजे आजोबांनी नातवाला देऊन जायची वस्तू. आता जगभरचे पाहुणे आणखी येणार, त्यामुळं पाहुण्यांनीही नीट वागायला हवं. टेकड्यांवर गाडी न्यायची नाही. पायांचे ठसे वारा एका रात्रीत पुसतो, पण चाकाखाली चिरडलेलं झुडूप वाऱ्याला परत उभं करता येत नाही. अंगाला तेल-मलम फासून तळ्यात उतरायचं नाही, कारण ते पाणी वाहून जात नाही. आणि खाऊची पिशवी? जशी नेली तशी परत आणायची.

ब्राझीलला काही आपण लगेच जात नाही. पण वाळूच्या टेकड्या आपल्याही किनाऱ्यावर आहेत, अंगानं लहान असतील इतकंच. पुढच्या वेळी दिवेआगर, गुहागर किंवा गोव्याकडं मोरजीला गेलात की पाण्याकडं पळण्याआधी जरा थांबा. पुळण संपते तिथं वाळूचा उंचवटा दिसेल. त्यावर जांभळ्या फुलांची, जाड पानांची एक वेल पसरलेली असेल. पान मधोमध चिरलेलं, आपट्याच्या पानाची आठवण करून देणारं. ती मर्यादवेल. वाळूला ती धरून ठेवते आणि तो उंचवटा उधाणाचं पाणी अडवतो. समुद्राची मर्यादा सांगणारी म्हणून मर्यादवेल! ब्राझीलच्या किनाऱ्यावरही हीच वेल वाळू धरून असते. आपल्या देशाच्या किनारा नियमांत २०११ पासून वाळूच्या टेकड्यांना सगळ्यात कडक संरक्षणाच्या गटात ठेवलं आहे. तरी कुठं गाडी चढवून, कुठं वाळू उपसून त्या सपाट होताना दिसतात.

तेव्हा क्रिकेटचे स्टंप त्या वेलीवर ठोकू नका. चेंडू वेलीत गेला तर पानं न तुडवता, अलगद काढून आणा.