तिसरी काडी

कात्रजचें नांव निघालें कीं पुणेकरांच्या मुखावर स्मित उमटतें. एखाद्यास चकविलें म्हणजे त्यास "कात्रजचा घाट दाखविला" असें आपण म्हणतों. १६६३ च्या एप्रिल महिन्यांत लाल महालांत शाएस्तेखानावर छापा घातल्यानंतर शिवाजीमहाराजांनीं या घाटांत बैलांच्या शिंगांस पलिते बांधविले, मोंगल फौज त्या उजेडामागें धांवली आणि महाराज सिंहगडाकडे सुखरूप निघून गेले, अशी त्यामागील आख्यायिका आहे. हा वाक्प्रचार एके दिवशीं माझ्याच जिव्हारीं लागेल, असें मात्र मला कधीं वाटलें नव्हतें.

त्या वर्षीं नाताळच्या सुटीपूर्वीं आमच्या स्काउट पथकाचें तीन दिवसांचें शिबिर कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशीं, एका शेतांत, मालकाच्या परवानगीनें भरलें होतें. प्रथम सोपान उत्तीर्ण झालेले आम्ही सहाजण द्वितीय सोपानाच्या तयारींत होतों. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ च्या ऑगस्टांत वीस-एक मुलांस इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर नेऊन उघड्यावर राहावयास शिकविलें, तेव्हांपासून या शिक्षणाची रीत एकच आहे: पाठांतर थोडें, हातानें करणें फार. सारख्या जाडीच्या दोरांस कोणती गांठ व असमान दोरांस कोणती, काठीच्या सावलीवरून झाडाची उंची कशी काढावी, वीस पावलें धांवून वीस पावलें चालत एक मैल बारा मिनिटांत न थकतां कसा तोडावा, हें सर्व आम्हीं तेथें केलें. डिसेंबरांत संध्याकाळीं सप्तर्षि क्षितिजाखालीं असतात. म्हणून शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधावयाचा. उत्तरेकडे पुण्याचे दिवे लुकलुकत होते व त्यांच्यावर थोड्याच उंचीवर तो मंद तारा आम्हांस प्रथम सांपडला, तेव्हां झालेला आनंद मी अद्याप विसरलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं सरांनीं आम्हांस तलावावर नेलें. नानासाहेब पेशव्यांनीं सुमारें १७५० सालीं येथें तलाव बांधवून त्याचें पाणी जमिनीखालील दगडी नळानें शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत पोंचविलें. यंत्र नाहीं, पंप नाहीं. केवळ उतार, आणि मधून मधून हवेसाठीं ठेवलेले उच्छ्वास. सर म्हणाले, "मुलांनो, हें काम मातीखालीं झांकलेलें. पाहणारा कोणी नव्हता. पण उतार चुकला असता तर पाणी शहरापर्यंत पोंचलेंच नसतें. पाण्यास फसवितां येत नाहीं."

तिसऱ्या दिवशीं प्रातःप्रार्थनेनंतर चुलीची परीक्षा होती. उघड्यावर दोनच काड्यांत विस्तव पेटवावयाचा, ही स्काउटची जुनी कसोटी. मीं जागा साफ केली, भोंवतालचें गवत काढलें, पाण्याची बादली जवळ ठेविली, तीन दगड मांडले. पहिली काडी घाटांतून येणाऱ्या वाऱ्यानें विझविली. दुसरीनें गवत धुमसलें, डोळ्यांत धूर गेला आणि विस्तव बसला. सरांची पाठ माझ्याकडे होती. आदल्या रात्रीं कंदील माझ्याकडे असल्यामुळें काड्यापेटी खिशांतच राहिली होती. पुढें काय झालें तें सांगावयास नकोच. तिसऱ्या काडीनें ज्वाळा उठली, सरांनीं मागें वळून पाहिलें आणि वहींत माझ्या नांवापुढें खूण केली.

रात्रीं शेकोटीभोंवतीं सर्वजण बसले असतां आमचा संघनायक मोठ्यानें म्हणाला, "सर, आज यानें वाऱ्यासच कात्रजचा घाट दाखविला!" एकच हंशा पिकला. मला मात्र हंसूं येईना. शत्रूस चकविणें ही युक्ति. पण ज्यानें विश्वासानें पाठ फिरविली त्यास चकविणें, याला काय म्हणावें? सर्वजण निजल्यावर मी सरांच्या तंबूपाशीं गेलों व घडलें तें सर्व सांगितलें.

सर रागावले नाहींत. त्यांनीं कंदिलाच्या उजेडांत वही उघडून ती खूण खोडली. मग विचारलें, "दुसरी काडी कां विझली, तें तुला कळलें का?"

मला उत्तर देतां येईना. तो प्रश्नच माझ्या मनांत आला नव्हता.

"तिसरी ओढलीस, म्हणून दुसरीचा विचार करावयाचें राहिलें," सर म्हणाले. "उद्यां पहांटे गवताला हात लावून पाहा."

पहांटे मीं पाहिलें. वरून वाळलेलें दिसणारें गवत दंवानें आंतून ओलसर होतें. इतकी साधी गोष्ट! पण खूण तशीच राहिली असती, तर ती मला कधींच उमगली नसती, आणि पुढें एखाद्या पावसाळी रात्रीं, भुकेल्या सोबत्यांदेखत, ती बाहीवरची पट्टी मला विस्तव पेटवून देणार नव्हती.

माझ्या बरोबरीच्या पांचजणांस द्वितीय सोपान मिळाला; मी मागें राहिलों. घरीं वडिलांस कारण सांगतांना मान खालीं गेली. ते इतकेंच म्हणाले, "मागें राहिलास तें बरें झालें."

पुढील शिबिरांत मीं रात्रींच काटक्या व गवत कांबळ्यांत गुंडाळून उशाशीं ठेविलें. सकाळीं वाऱ्याकडे पाठ करून बसलों, बारीक काटक्या आधीं, जाड मागाहून, अशी रचना केली आणि काडी ओढली. एकाच काडींत विस्तव पेटला. उरलेली काडी मीं सरांस परत केली. त्यांनीं ती हंसत खिशांत टाकली व वही काढली.

बालबंधूंनो, तुम्हीही सोपान चढाल. पायरी पुढें मिळाली तरी चालेल, पण तिच्याखालीं दगड भरीव असूं द्या.