सापुताऱ्याच्या घाटात दोन मोटारी

सुरतेत चढ नाही. तापीवरचे पूल सोडले, तर चौकबाजारच्या किल्ल्यापासून डुमसच्या समुद्रापर्यंत सायकलस्वाराला दम लागण्याचे कारण पडत नाही. विजेच्या सायकलीची पारख या शहरात व्हायची नाही, हे आमच्या ध्यानी यायला दोन रविवार खर्ची पडले.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने जहाजाने दोन हलक्या डोंगरी सायकली आणविल्या. "सर, एक तुम्ही घ्या, एक मी ठेवीन. आधी निवड तुमची," असे त्याने सांगितले. निवड सोपी नव्हती, कारण आम्हांला ती शोभेसाठी नको होती. १९६९ साली आमचे वडील कळवण तालुक्यातून सापुताऱ्याचा घाट सायकलने उतरून सुरतेच्या गिरणीत कामाला आले. तोच घाट सायकलने चढून गावी जायचे त्यांच्या फार मनात होते. गेले ते नेहमी बसने. आता तेही नाहीत, आणि आमचे गुडघेही कुरकुरू लागले आहेत.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या विजेच्या सायकलींची मोटार मागच्या चाकाच्या मध्यभागी बसविलेली असते. सपाटीवर ती उत्तम, दुरुस्तीलाही सोपी. पण तिला सायकलच्या गिअरांचा उपयोग होत नाही. लांब चढावर चाक मंदावले की मोटार दमते आणि तापते. या दोन्ही सायकलींची मोटार मात्र पायडलांच्या मध्ये होती, म्हणजे तिचे बळ साखळीतून आणि गिअरांतून चाकाला मिळणार. साखळी लवकर झिजते, हा त्याचा दंड.

एकीची मोटार टीक्यूची, दुसरीची बॉशची. दोन्ही जर्मन, वजनाने दोन किलोंच्या आसपास. पहिलीचा पीळ ५० न्यूटन-मीटर, बॅटरी ३६० वॅट-तासांची. दुसरीचा ५५, बॅटरी ४०० ची. कागदावर फरक किरकोळ. म्हणून टेम्पोत सायकली घालून आम्ही वघईवरून शामगहानला गेलो आणि घाटातल्या एकाच वळणापर्यंत दोनदा चढलो.

टीक्यू इतकी मूक की आम्हीच तरुण झालो आहोत असा भ्रम व्हावा. पाय सावकाश मारा, ती सावकाश साथ देते. आमच्या जुन्या काळ्या सायकलीची सवय तिला मानवणारी. तिच्यावर आमचे मन बसलेच होते. बॉशचा स्वभाव निराळा. हलक्या गिअरात पाय भराभर फिरविल्याशिवाय ती आपले सारे बळ देत नाही, आणि चढावर गुणगुणते. पहिली पाच मिनिटे आम्हांला तिचा रागच आला. मग लक्षात आले, गुडघ्यांना दाब कमी पडतो आहे. डॉक्टरांनी तीन वर्षे हेच सांगितले होते: हलके गिअर, भराभर पाय. आम्ही मुलांना शिस्त लावीत आलो, आणि आम्हांला ती एका मोटारीने लावली.

उरलेला घाट आम्ही तिच्यावरच चढलो. मोटार हलकी, म्हणून फुकटची नेत नाही. सदरा पाठीला चिकटला होता. सापुताऱ्याच्या माथ्यावर बॅटरी अजून शिल्लक होती. पलीकडे हतगडची बाजू, म्हणजे महाराष्ट्र.

"कोणती, सर?" विद्यार्थ्याने विचारले.

"ही, गुणगुणणारी."

तो हसला. "मला ती दुसरीच हवी होती," म्हणाला, आणि टेम्पोतून पाण्याची बाटली काढून आमच्या हाती दिली. गावचा रस्ता तेथून उताराचा होता.