देवाच्या दारचा कचरा

माणूस देवाला काय वाहतो, यापेक्षा देवाच्या दारी काय टाकून येतो, यावरून त्याची भक्ती अधिक कळते, असे मला हल्ली वाटू लागले आहे. भीमाशंकरी वाहिलेला बेल थोड्याच दिवसांत माती होतो. पळसाची पत्रावळही पावसात कुजून जाते. आमच्या पणजोबांनी यात्रा केल्या, कचराही केला. पण मागे काही उरले नाही. आम्ही टाकलेली पाण्याची बाटली मात्र आमच्या नातवंडांनाही पुरून उरेल!

हे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे. आपला राज्यप्राणी शेकरू येथेच राहतो. येथे उगम पावलेली भीमा पुढे पंढरपुरास चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. उगमाशी घाण करणारे आम्हीच तिकडे तिच्यात स्नानाचे पुण्य शोधतो! २०१८ साली राज्य सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. बंदी कागदावर राहिली आणि पिशवी झुडपावर.

गाडगेमहाराज (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आज पोती घेऊन डोंगर साफ करणारी तरुण मुले पाहिली, की मला त्यांची आठवण होते. पण खराट्यालाही मर्यादा आहे. टाकणारे हजार आणि वेचणारे दहा, हा हिशेब कधीच जुळायचा नाही. माझी आई अजून यात्रेला निघताना कापडी पिशवी आणि पाण्याचा तांब्या बरोबर घेते. लोक हसतात. तिच्यामागे वेचायला मात्र कोणाला वाकावे लागत नाही.