पंचवीस मीटर पाणी

पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एकामागोमाग, मधे घड्याळ न थांबवता, असा ट्रायथलॉनचा खेळ. जालना जिल्ह्यातल्या आमच्या कुंभार पिंपळगावात या खेळाचा विषय निघाला की बोलणं हटकून सायकलच्या किमतीवर जातं. लाखाची सायकल, कार्बनची चाकं, शहरातल्या डॉक्टर-इंजिनिअर मंडळींचे चोचले, असा एकूण सूर असतो. मी या खेळात नवखा आहे, तोही उशिरा आलेला, आणि जेवढं काही अंगावर घेतलंय त्यावरून माझं मत वेगळं झालंय. आमच्याकडचा माणूस या खेळात मागे पडतो तो सायकलमुळे नाही आणि पायांतल्या ताकदीमुळे तर नाहीच. तो पाण्यात अडतो. जालना जिल्ह्याची दक्षिण शीव गोदावरीच आहे. जोगलादेवी, राजाटाकळी इथे नदीवर बंधारे आहेत, पैठणचा डावा कालवा याच भागातून पुढे परभणीकडे जातो, आणि शेततळी तर शिवाराशिवारात आहेत. एवढ्या पाण्यात माणसाला न घाबरता पोहायला शिकता येईल असं पंचवीस मीटर पाणी मात्र नाही.

अंतरांकडे पाहिलं तर हे म्हणणं आधी उलटं वाटतं. ऑलिम्पिकमध्ये २००० सालापासून असलेल्या अंतरात दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणं असतं. नवख्यांसाठीच्या स्प्रिंट प्रकारात ते निम्म्यावर येतं: ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ ही ११३ किलोमीटरची शर्यत, त्यात पोहणं फक्त १.९ किलोमीटर, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. पण हे दोन टक्के सगळ्यांत आधी येतात आणि त्यांची वेळमर्यादा वेगळी असते. या अंतराच्या शर्यतीत साधारणपणे एकूण साडेआठ तास मिळतात, मात्र पहिल्या सत्तर मिनिटांत पाण्याबाहेर आलं नाही तर सायकल स्टँडलाच राहते. सत्तर मिनिटांत १९०० मीटर, म्हणजे दर शंभर मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. तलावात वाढलेल्या पोराला ही चाल आळसावल्यासारखी वाटेल. डोकं पाण्यावर धरून पोहणाऱ्याला ती एकोणीस वेळा सलग धरणं जवळपास अशक्य आहे, कारण डोकं वर राहिलं की कंबर आणि पाय खाली बुडतात आणि हवेच्या आठशेपट घनतेचं पाणी आडव्या अंगाऐवजी उभ्या अंगाने ढकलावं लागतं. थंड देशांत अंगाला तरंगवणारा रबरी वेटसूट तरी असतो. गोव्याच्या कोमट समुद्रात तोही आधार नाही.

त्यात सायकलवर दमलं तर उतरता येतं, धावताना चालता येतं. पाण्यात थांबणं हेच मुळी एक कौशल्य आहे. नियम तसे उदार आहेत: कोणत्याही पद्धतीने पोहा, दम लागला तर बचावाच्या होडीला धरून विसावा घ्या, फक्त तिच्या जोरावर पुढे सरकू नका. पण घाबरलेल्या माणसाला आधी नियमांचा विसर पडतो. छाती आवळते, श्वास सोडायचा राहून नुसता घेतला जातो, आणि दहा हातांवरची होडी दिसत नाही. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधले १९८५ ते २०१६ या काळातले मृत्यू आणि शर्यतीत हृदय बंद पडण्याचे प्रसंग डॉक्टरांनी एकत्र तपासले, तेव्हा १३५ पैकी ९० पोहण्याच्या टप्प्यातले निघाले. सगळ्यांत छोटा टप्पा आणि दोन तृतीयांश घात तिथेच. यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता हे खरं, म्हणून चाळिशीनंतर या खेळात उतरणाऱ्याने आधी डॉक्टर गाठावा हे मी कोणालाही सांगेन. तरी पाण्याला 'फक्त दोन टक्के' म्हणून गुंडाळता येत नाही.

उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांची तयारी मात्र आमच्याकडे आयती आहे. पहाटे कोणत्याही रस्त्याला लागा, भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतील. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, म्हणून गावोगाव धावण्याची शिस्त आली. ती कोणा क्रीडा धोरणाने आणली नाही, नोकरीच्या आशेने आणली. नदीपलीकडच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात जाऊन स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रमवीर झाला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक आणलं. धावण्याला गावात प्रतिष्ठा आहे. सायकलचंही तसंच, शाळा लांब म्हणून ती घरात असतेच. स्प्रिंटच्या वीस किलोमीटरला साधी गिअरची सायकल चालते, ब्रेक धड हवेत आणि डोक्याला हेल्मेट हवं. सायकलवरून उतरून धावायला लागलं की पाय परक्याचे वाटतात, हा अनुभव प्रत्येक नवख्याचा आहे आणि माझाही. पण त्यावर उपाय रस्त्यावरच मिळतो: आठवड्यातून एकदा सायकल आणि लगेच थोडं धावणं. तीर्थपुरी किंवा घनसावंगीकडचा रस्ता पुरेसा आहे, फक्त गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय धावतात, तेव्हा अंधारात सायकल काढू नये. या दोन्ही गोष्टी माणूस एकट्याने, फुकट, उशिरा शिकू शकतो. पोहणं तसं नाही.

यावर गावातून हमखास येणारा आक्षेप असा की आमची पोरं विहिरीत पोहूनच मोठी होतात, त्यांना काय शिकवता? पाठीला रिकामा कॅन बांधून पोरं उतरतात, आठ दिवसांत कॅन सुटतो, पुढच्या उन्हाळ्यात काठावरून सूर मारतात, तळाची माती वर काढून दाखवतात. हे धाडस खरं आहे आणि त्याचा मला हेवाही वाटतो. पण विहिरीचा व्यास धरा वीस-तीस फूट. चार हात मारले की कडा येते आणि पोहणारा कपारीला धरून दम घेतो. दहा मीटर सलग पोहण्याची त्याला कधी गरजच पडत नाही. विहीर न बुडायला शिकवते, अंतर कापायला शिकवत नाही. अंतरासाठी लागतं ते तोंड पाण्यात ठेवून सावकाश श्वास सोडणं, दर दोन-तीन हातांमागे मान वळवून तो घेणं, आणि हे तास-तासभर न चुकता करणं. ही कसरत फुप्फुसांपेक्षा मनाची जास्त आहे, ती उथळ, स्वच्छ, तळ दिसणाऱ्या पाण्यात, कोणीतरी बाजूला उभं असतानाच बसते. विहिरीवर मोठ्या आत्मविश्वासाने उड्या मारणारा माणूस पंचवीस मीटरच्या तिसऱ्या फेरीला धापा टाकतो, यात त्याचा दोष नाही.

आणि 'आमची पोरं' म्हणताना त्यात पोरी धरलेल्या नसतात, हे कोणी बोलत नाही. विहिरीवर पोरगी कपड्यांनिशीसुद्धा उतरत नाही. शिवाय विहीर ही कोणाची तरी असते, तिच्यात कोणाच्या पोरांनी उतरायचं हे मालक ठरवतो. पाण्याला कोणी हात लावायचा यावरून १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तो इतिहास फार जुना नाही. ठरलेल्या वेळा, बाई प्रशिक्षक आणि सगळ्यांना एकच फी असलेला सार्वजनिक तलाव हे प्रश्न एका फटक्यात मिटवेल असं मी म्हणत नाही, पण विहिरीपुढे ते कधी उभेही राहत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात तिथे पोहण्यासाठी तलाव बांधायचा म्हणजे उधळपट्टी नाही का? इथे भावनेपेक्षा हिशेब बरा. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात जेमतेम चार लाख लिटर पाणी मावतं. 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल एक शेततळं वीस लाख लिटरच्या आसपास पाणी धरतं. म्हणजे एका शेतकऱ्याच्या शेततळ्याचा पाचवा हिस्सा. तेही पाणी गाळून पुन्हा वापरलं जातं, वाफेने आणि गाळणी धुण्यात जातं तेवढंच भरावं लागतं. वर्षभर पाणी पिणारा ऊस याच शिवारात एकरांवर एकर उभा असताना चार लाख लिटरवर बोट ठेवायला माझी ना नाही, पण मग बोट दोन्हीकडे ठेवावं. ऐन मे महिन्यात, टँकर सुरू असताना तलाव बंद ठेवावा, हेही मला मान्य आहे. जुलै ते मार्च इतका काळ शिकण्यासाठी पुरतो.

मग आहे त्या पाण्यातच का शिकू नये? कारण ते पाणी शिकण्यासाठी नाही. सिंचनाच्या पाण्याची पाळी सुटली की कालवा वेगाने वाहतो आणि त्याच्या अस्तर केलेल्या उतारावर हात टिकत नाही. शेततळ्याचं प्लॅस्टिक शेवाळलं की पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. नदीत वाळू उपसून झालेले खड्डे वरून दिसत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशभरात बुडून मेलेल्यांची संख्या ३८ हजारांवर आहे. नेदरलँडमध्येही जिकडे-तिकडे कालवेच आहेत, तिथे लहान मुलांना पोहण्याचं प्रमाणपत्र घेताना अंगावर कपडे ठेवून पोहून दाखवावं लागतं, कारण कालव्यात पडणारं मूल पोहण्याच्या पोशाखात पडत नाही. आमच्याकडे कालव्यावर फार तर इशाऱ्याचा फलक लागतो.

पोहणं वगळून सायकल आणि धावण्याची ड्युएथलॉन घ्या, स्वस्तात काम होईल, असाही सल्ला मिळतो. ती चांगली शर्यत आहे आणि घ्यावी. पण तिच्यामुळे पाण्याचा प्रश्न आहे तिथेच राहतो, कालवा आणि शेततळीही राहतात. खर्चाचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. गोव्याची शर्यत प्रवेशशुल्क, प्रवास, मुक्काम धरून गावातल्या कमावत्या माणसालाही जड जाते. म्हणूनच मला गोव्यापेक्षा स्प्रिंट अंतराचं महत्त्व जास्त वाटतं. ती शर्यत तालुक्याच्या ठिकाणी घेता येते, तिचं पोहणं तलावात होऊ शकतं आणि तिला समुद्र लागत नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, वडिलांबरोबर विहीर खोदाईवर जाणारा, सैन्यात भरती झाल्यावर पुण्यात नौकानयन शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला. चांदवड काही पाण्याचा मुलूख नाही. त्याला पाणी, नाव आणि शिकवणारा माणूस सैन्याने दिला, आणि त्यासाठी आधी गाव सोडावं लागलं. कुंभार पिंपळगावच्या पोराला आज पोहायला शिकायचं तर साठ-सत्तर किलोमीटरवरचं जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागेल, तेही रोज, निदान महिना-दोन महिने. हे भाडं आणि हा वेळ लाखाच्या सायकलीइतकाच महाग आहे, फक्त त्याची किंमत कोणी विचारत नाही. बाजारपेठेच्या एवढ्या मोठ्या गावात, शाळेच्या मैदानाला लागून एक पंचवीस मीटरचा तलाव आणि पगारी प्रशिक्षक एवढं झालं तर स्प्रिंटचे ७५० मीटर म्हणजे त्या तलावाच्या तीस फेऱ्या, आणि पुढची पंचवीस किलोमीटर भरतीची पोरं आजही काढतात.