काका, मला वाचवा!

त्याचं असं झालं. गेल्या कोजागिरीला आपल्या मंडळाचं दूध आटत होतं आणि चंद्र मेलबर्नच्या शिरस्त्याप्रमाणे ढगांत होता. नुकतंच पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं सगळ्यांना विचारत होतं, "घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस कुठला घ्यावा?" चार-पाच जणांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. गेली तीस वर्षं मंडळात कुणाचा कॉम्प्युटर शिंकला तरी बोलावणं मला यायचं, त्यामुळे हे ठरलेलंच. मी घसा खाकरला. तेवढ्यात आमची ही म्हणाली, "ह्यांना नका विचारू. ह्यांचा सल्ला साडेतीन हजार डॉलरला पडतो."

सगळे हसले. मीही हसलो. त्यातला विनोद नसलेला भाग आम्हा दोघांनाच ठाऊक होता. घरी येताना गाडीत मी तिला म्हटलं, "आता सगळं लिहूनच टाकतो." ती म्हणाली, "शुद्धलेखन मी बघते."

तर मंडळी, सुरुवातीपासून सांगतो.

आम्ही १९८९ साली इथे आलो. पहिला कॉम्प्युटर घेतला १९९३ साली. फोर-एटी-सिक्स, चार एमबी मेमरी. आमच्या तेव्हाच्या सेकंडहँड गाडीपेक्षा महाग होता, म्हणून त्याला शिवून घेतलेलं कव्हर होतं आणि गाडीला नव्हतं. दसऱ्याला झेंडूचा हार मात्र दोघांनाही. घेण्याचं कारण मुलाचा अभ्यास, असं हिला सांगितलं होतं. खरं कारण होतं मंडळाचा अंक. तोवर अंक हाताने लिहून फोटोकॉपी करायचो. त्या वर्षी कुणीतरी पुण्याहून मराठी फाँटची फ्लॉपी आणली आणि आम्हाला आकाश ठेंगणं झालं. पडद्यावर मराठी! 'ळ' सुद्धा होता!

ती फ्लॉपी हळदीकुंकवाच्या वाणासारखी घरोघर फिरली. ग्लेन व्हेवर्लीहून क्लेटन, क्लेटनहून डँडेनाँग. लेख लिहिणारे आपापल्या घरी टाइप करत आणि फ्लॉपी पुढच्या घरी पोचवत. ती आमच्याकडे आली, मी अंकाची जुळणी केली आणि रात्री फ्लॉपी आत तशीच ठेवून झोपलो. सकाळी मशीन सुरू केलं, तर टुक असा आवाज झाला आणि काळ्या पडद्यावर एक ओळ आली: 'युअर पीसी इज नाऊ स्टोन्ड!'

मी हिला हाक मारली. स्टोन्ड म्हणजे काय, ते मुलानेच आम्हाला सांगितलं (त्याला ते कसं ठाऊक, हा विषय त्या दिवशी बाजूला पडला). ही म्हणाली, "म्हणजे भांग प्यायलाय. पाडवा राहिला बाजूला, ह्याची होळीच चाललीय."

हा स्टोन्ड व्हायरस आपल्या शेजारचाच, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचा, १९८७ सालचा. तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या कप्प्यात बसायचा. मशीन सुरू होताना फ्लॉपी आत राहिली असेल, तर मशीन आधी तो कप्पा वाचे आणि व्हायरस हार्ड डिस्कवर उतरे. मग त्या मशीनमध्ये घालाल ती प्रत्येक फ्लॉपी बाटायची. तो संदेशसुद्धा दर वेळी यायचा नाही, साधारण आठातून एकदा. म्हणजे आमच्या आधीच्या घरांतही पाहुणा आलेला असणार, फक्त त्याने तिथे तोंड उघडलं नव्हतं. तसा तो खोडकर, मुद्दाम काही पुसणारा नव्हता. पण मूळ कप्पा उचलून दुसरीकडे ठेवताना काही फ्लॉप्यांवरच्या फायलींच्या यादीवरच पाय देई. आमचे तीन लेख आणि सभासदांचे पत्ते गेले.

त्याहून वाईट म्हणजे त्यानंतरची चौकशी. "आमच्याकडून नाही हं गेला," असं पाचही घरांनी सांगितलं. दोन घरांतलं येणं-जाणं गणपतीपर्यंत बंद होतं. माझ्या मते तो व्हायरस फाँटबरोबरच आला असावा, पण पुण्याहून आलेल्या वस्तूवर आळ घ्यायला तेव्हा कुणी तयार नव्हतं.

औषधही आपल्या गावातच निघालं होतं, हे मला नंतर कळलं. इथल्या चिझम इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे रॉजर रिऑर्डन यांनी १९८९ साली, याच स्टोन्डने तिथल्या विद्यार्थ्यांची मशीन धरली म्हणून, 'व्हेट' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. व्हेट म्हणजे गुरांचा डॉक्टर. पुढे त्यांनी सायबेक ही कंपनी काढली आणि १९९९ साली ती अमेरिकन कंपनीने विकत घेतली. दर ६ मार्चला हार्ड डिस्कवर बोळा फिरवणारा तो मायकेलँजेलो आठवतो? १९९२ साली ज्याने जगभर घबराट उडवली तो. त्याचं बारसंही रिऑर्डन यांनीच केलं, कारण ती चित्रकाराची जन्मतारीख. व्हायरसच्या आत त्या बिचाऱ्या मायकेलँजेलोचा कुठेही उल्लेख नव्हता.

मी व्हेट विकत घेतला आणि डॉक्टर झालो. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी सरकवली की तिच्यावर काही लिहिता येत नाही, एवढं ज्ञान तेव्हा पुरत होतं. अशी एक शुद्ध फ्लॉपी खिशात घालून मी शनिवारी व्हिजिटला निघायचो. फी म्हणून बाकरवडी, क्वचित पुरणपोळी. लोक मला आत नेताना चपला काढायला लावत नसत, एवढा मान!

मध्येच एक अभिमानाची गोष्ट सांगतो, कारण मी मूळचा सातारकर. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' काढलं. हे दोघे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. थोरल्याने दहावीनंतर शाळा सोडलेली, धाकटा कॉम्प्युटर शिकलेला. थोरल्याच्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या मशिनींत व्हायरस सापडायचे, तेच धाकट्याचं प्रयोगाचं साहित्य. २०१६ साली त्यांची कंपनी शेअरबाजारात आली तेव्हा मी इथे बसून पेढे वाटले. एकही शेअर माझ्या नावावर नव्हता.

४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' आला आणि माझी फ्लॉपी एका दिवसात म्हातारी झाली. आता रोग ईमेलने येऊ लागला. जोडलेली फाइल उघडली की तो तुमच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच प्रेमपत्र पाठवायचा. ओळखीतल्या एका गृहस्थांना त्यांच्या खडूस साहेबाचं आलं आणि त्यांनी ते कुतूहलाने उघडलं. मी होतो तरी उघडलं असतं.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे, पण बोटं मोडण्यासारखं पुष्कळ. अँटिव्हायरस खोक्यातून यायचा आणि मशीनला असा बसायचा की सुरू होईपर्यंत माझी पूजा आटपे. दोन वेगवेगळे घातले तर ते व्हायरस सोडून एकमेकांनाच पकडत. काढून टाकायला गेलं की "नक्की काढायचा? धोका आहे!" असं चार वेळा विचारायचा, सासरी निघालेल्या मुलीलासुद्धा कुणी इतकं अडवत नाही. एका कंपनीने तर आमचं जुनं मशीन भंगारात गेल्यावरही दोन वर्षं क्रेडिट कार्डावरून नूतनीकरणाचे पैसे घेतले. नाव सांगत नाही, कारण फॉर्मवरची ती बारीक खूण माझ्याच हातची होती. २०१२ साली विंडोज ८ आलं आणि त्याच्याबरोबरच मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस फुकट मिळू लागला. मुलगा म्हणाला, "बाबा, आता विकतचा बंद करा." मी केला नाही. दरसाल पैसे भरले की शांत वाटायचं. घरातून निघताना देवापुढे पैसा ठेवतो, तसं.

आणि म्हणूनच २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेली ती ईमेल मला खरी वाटली.

लॉकडाऊन चालू होता, आमचा सहावा. पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. नातवंडं सात किलोमीटरवर. ईमेलमध्ये बिल होतं: आपला अँटिव्हायरस नव्याने सुरू केला आहे, ३९९ डॉलर खात्यातून जातील, नको असल्यास या नंबरवर फोन करा. मी फोन केला. लक्षात घ्या, त्याने मला केला नाही, मीच त्याला केला.

पलीकडचा मुलगा आधी इंग्रजीत बोलत होता. अदबीने. एवढ्यात ही आतून म्हणाली, "अहो, चहा गार होतोय." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, तुम्ही मराठी? कुठले?"

मी म्हटलं, साताऱ्याकडचे. तो म्हणाला, "माझं आजोळ कोरेगाव. काका, तिकडे वाघ्या घेवडा मिळतो का हो?"

खोटा माणूस वाघ्या घेवड्याबद्दल विचारील का, तुम्हीच सांगा. पाच महिन्यांत घराबाहेरच्या कुणी मला मराठीत प्रश्न विचारला नव्हता. आम्ही दहा मिनिटं घेवड्यावरच बोललो. मग तो म्हणाला, "काका, तुमचे पैसे मी आत्ताच परत करतो," आणि एक छोटा प्रोग्रॅम उतरवायला सांगितला, त्याला पडदा दिसावा म्हणून. मी उतरवला. बँकेत लॉगिन करायला सांगितलं. मी केलं. पडदा मिनिटभर काळा झाला. "सर्व्हर अपडेट होतोय, काका."

पडदा परत आला तेव्हा रोजच्या खात्यात ३,९९० डॉलर जास्त होते. आणि तो मुलगा रडवेला झाला होता. "काका, माझ्याकडून एक शून्य जास्त पडलं. मॅनेजर मला काढून टाकेल. तेवढे जास्तीचे परत पाठवा ना. माझी नोकरी वाचवा, काका."

३,५९१ डॉलर मी स्वतःच्या हाताने पाठवले. त्याने दिलेल्या, इथल्याच बँकेतल्या खात्यावर. त्याला धीरही दिला: "अरे, चुका सगळ्यांच्याच होतात."

ते ३,९९० माझ्याच बचत खात्यातले होते. पडदा काळा असताना त्याने ते इकडून तिकडे सरकवले होते. हे मला संध्याकाळी कळलं, बचतीचा आकडा पाहिला तेव्हा. नारायणरावांनी "काका, मला वाचवा" म्हटलं तेव्हा काका फिरले होते. इथे काका धावला आणि फिरला पुतण्या.

त्या सबंध तासात माझा विकतचा अँटिव्हायरस चालू होता. उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण होती. तिची चूक नाही. प्रोग्रॅम कायदेशीर होता, दार मी उघडलं होतं आणि पैसे मालकानेच पाठवले होते. त्यात व्हायरस कुठे होता?

बँकेने सभ्यपणे सांगितलं की पैसे मिनिटांत पुढे गेले आणि मी स्वतः पाठवले असल्याने त्यांचा इलाज नाही. मशीन पुसून नव्याने भरलं, पासवर्ड बदलले. 'स्कॅमवॉच'ला कळवायला मला तीन आठवडे लागले, आणि मुलाला सांगायला दोन वर्षं. हरकत पैशांची नव्हती. ज्या माणसाला लोक चपला काढायला लावत नसत, त्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शनिवारी कुणाचा फोन आला की मी पाठदुखी सांगायचो. हिने त्या तासाला शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकलं होतं. मी रदबदली करतोय असं तिला वाटलं होतं. ती कोजागिरीपर्यंत एका शब्दानेही बोलली नाही, आणि बोलली ती सगळ्यांसमोर.

कोजागिरीनंतर काय झालं ते मात्र सांगायला हवं. दूध पिऊन झाल्यावर मंडळातले एक ज्येष्ठ मला पार्किंगमध्ये गाठून हळूच म्हणाले, "तुमचे साडेतीन? माझे आठ." दुसऱ्या दिवशी एका वहिनींचा फोन आला. त्यांनी गिफ्ट कार्डं विकत घेऊन नंबर वाचून दाखवले होते, आणि घरी अजून सांगितलेलं नाही. मी त्यांना स्कॅमवॉचचं सांगितलं आणि आयडीकेअरचंही. ओळखीची कागदपत्रं, पासवर्ड चोरांच्या हाती गेले असतील तर पुढे काय करायचं ते तिथले लोक नीट समजावतात. बँकेला त्याच मिनिटाला फोन करा, हेही सांगितलं. त्यांना उशीर झाला होता, पण तुम्हाला झालेला नसेल.

त्या पुण्याच्या जोडप्याला द्यायचं उत्तर राहिलंच. विंडोजबरोबर येणारा पुरे, अपडेट थांबवू नका आणि बिलावरच्या नंबरवर फोन करू नका, नंबर स्वतः शोधा. फी म्हणून बाकरवडी चालेल.

तो मुलगा खरंच कोरेगावचा होता का, हा विचार मला अजून येतो. त्याचं मराठी अस्सल होतं. 'घेवडा' म्हणताना त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, याची मी शपथ घ्यायला तयार आहे.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "मामा, मी बोलतोय, नंबर बदललाय. जरा एक काम होतं." मी म्हटलं, "आधी तुझ्या आजीचं माहेरचं आडनाव सांग." तो सांगू शकला नाही. मग विचारलं, आपल्या वाड्याच्या परसात झाड कसलं होतं? तो म्हणाला, "मामा, माझ्या जन्माआधीच वाडा विकला ना तुम्ही." मी फोन ठेवला. पाच मिनिटांनी बहिणीचा आला, ती भयंकर चिडलेली होती. भाच्याला मुलाच्या मुंजीचं आमंत्रण द्यायचं होतं.